मधला फ्यूज

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ ऑगस्ट २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शिवाय मला उत्तरात आकृती हवी आहे, आणि ती फोनवर सांगता येणार नाही.

नोकरीला पाच महिने झाले. आम्ही कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये जाऊन वायरिंग तपासतो आणि काय चुकलं आहे त्याचा अहवाल देतो. सगळे अहवाल इंग्रजीत. परवा मी आमच्या प्रमुख अमृता मॅडमना म्हणाले, की ज्याच्या हातात पक्कड असते तो हे कधी वाचतच नाही. त्या म्हणाल्या, "मग त्याला वाचता येईल असं तू लिही." आता पिठाच्या गिरण्या आणि पाण्याच्या मोटारी चालवणाऱ्यांसाठी मराठीत पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिला भाग थ्री फेज मोटारीच्या फ्यूजचा.

मामा, आपल्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली, हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण उघडलेली मोटार मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजात नाही, तुमच्या दुकानात. दहावीचा अभ्यास मी तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांमध्ये बसून केला. म्हणून पुस्तकं उघडायच्या आधी तुम्हाला विचारते. गिरणीच्या मोटारीला फ्यूज बांधताना तुम्ही काय करता? कोणती तार, कशी, आणि का? तुम्ही सांगाल ते पुस्तिकेत घालायची माझी इच्छा आहे.

मामींना जयभीम.

तुमची,
दीपमाला

•

ता. गंगापूर
११ ऑगस्ट

चि. दीपमालास कडूबा मामाचा जयभीम.

पत्र पोचलं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणली, पोरगी इंजिनेर झाली अन् विचारते कोणाला, तर नववी नापास मामाला. मी म्हणलं, व्हय, म्हणूनच ती इंजिनेर झाली.

आता ऐक. नवा वायरमन काय करतो, फ्यूजच्या तिन्ही चिनीमातीच्या किटकॅटमध्ये सारखी तार बांधतो. मग फ्यूज गेला की तिन्ही उपसून बघत बसतो. मी तसं करत नाय. बाजूच्या दोन किटकॅटमध्ये मी जाड तार बांधतो, दुहेरी. मधल्यात बारीक. कायबी झालं तरी मधलाच जाणार. शोधाशोध नाय. गिऱ्हाइकालाबी माहीत, मधला बघायचा. तीस वर्षांत ही पद्धत माझ्याकडूनच इकडं पसरली.

आपल्या गावची मालनबाईची गिरणी घे. दहा एच.पी.ची मोटार. नवरा वारल्यापासून बाई एकटी चालवते, अन् लई नेटानं चालवते. चालू करताना मोटार जोर मागते, तेव्हा कधीमधी मधला फ्यूज जातो. मग मोटार नुसती घूं घूं करते, फिरत नाय. दर वेळी माझी वाट बघितली तर गिऱ्हाईक उभं राहतं. म्हणून मी शिकवून ठेवलंय. एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं पट्ट्याला एक हिसका द्यायचा. मोटार वेग धरते. दळण थांबत नाय. मी सवडीनं जाऊन तार बांधतो. बाई आता माझ्यापेक्षा सफाईनं हिसका देते.

आकृती मागच्या बाजूला काढलीय. पुस्तकात "कडूबा पद्धत" असं नाव दे. मी हसतोय, पण दिलंस तर नाय म्हणणार नाय.

तुझा,
मामा

•

उस्मानपुरा
१४ ऑगस्ट

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमची आकृती मॅडमनी पाहिली. त्यांनी मधल्या फ्यूजवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आजच लिही त्यांना." म्हणून लगेच लिहिते.

मामा, ही पद्धत चुकीची आहे. थ्री फेज मोटारीचं वाईट तीन फ्यूज गेल्यानं होत नाही, एकच गेल्यानं होतं. तिन्ही गेले तर मोटार थांबते, विषय संपतो. एकच गेला तर मोटार उरलेल्या दोन फेजवर राबते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. तुम्ही बाजूचे दोन फ्यूज जाड बांधून मधलाच जाईल अशी व्यवस्था केली आहे. म्हणजे जे होऊ नये तेच दर वेळी होईल. स्टार्टरची कॉइल बाजूच्या दोन फेजवर आहे, त्यामुळे स्टार्टरला काही कळतच नाही. तो आपला ओढून धरतो.

तिन्ही फेजला एकाच मापाचे फ्यूज हवेत. चालू होताना मोटार पाच-सहा पट करंट मागते, तेवढा वेळ टिकतील आणि शॉर्ट झाल्यावर लगेच तुटतील असे. न्यूट्रलला फ्यूज नको. मोटार जास्त ओढायला लागली तर थांबवायचं काम फ्यूजचं नाही, ओव्हरलोड रिलेचं आहे. तो मोटारीच्या पाटीवरच्या आकड्यावर लावलेला असला पाहिजे. आणि एक फेज गेला तर तिन्ही तोडणारा प्रिव्हेंटर हवा. तो फ्यूजच्या पुढे जोडायचा, नाहीतर फ्यूज गेलेला त्याला दिसत नाही.

पट्ट्याला हात देण्याबद्दल काय लिहू? मोटार एकदम धरते तेव्हा हात काढायला वेळ मिळत नाही. मालनबाईंची गिरणी कृपा करून आधी बदला. आजच.

इतकी वर्षं असं करताना एवढ्या मोटारी का जळतात, हा प्रश्न कधी पडला नाही का?

तुमची,
दीपमाला

•

१९ ऑगस्ट

दीपमालास,

पत्र वाचलं. मोटारी का जळतात असं तू विचारलंस. जळलेल्या मोटारींचं वायंडिंग भरण्यावर माझं घर चाललं, हे तुला माहीत आहे. तुला म्हणायचं काय ते मला समजलं.

आकृती परत पाठव.

कडूबा

•

उस्मानपुरा
२२ ऑगस्ट

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसातून लवकर निघाले. शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. तुम्ही मुद्दाम मोटारी जाळता असं माझ्या मनातही आलं नाही, येणार नाही. कॉलेजच्या प्रवेशाला माझ्याबरोबर दिवसभर रांगेत उभे राहिलेले तुम्ही. तुम्हाला असं विचारणारी मी कोण?

मी पुस्तकातलं लिहिलं. प्रत्यक्ष कामातला तुमचा अनुभव तीस वर्षांचा आहे. लहान गिरणीवर, माणूस समोर उभा असताना, तुमची पद्धत चालतही असेल. नवीन पद्धतीचं तुम्ही तुमच्या सवडीनं बघा. घाई नाही.

आकृती सोबत पाठवते आहे. रागावू नका. धम्मचक्र दिनाला दरवर्षीसारखे बुद्ध लेणीवर या, मी तिथं भेटेन.

तुमची,
दीपमाला

•

२९ सप्टेंबर

चि. दीपमालास जयभीम.

उत्तराला उशीर झाला. राग कधीच गेला. पाऊस लई झाला, कपाशी पाण्यात आहे. मी ठीक. कान जास्त दुखतो म्हणून दुकान काही दिवस बंद ठेवलंय. लेणीवर या वर्षी येणं होणार नाय.

एक विचारायचं होतं. पुस्तकात पट्ट्याला हात देऊ नये असं लिहिणार आहेस ना? मोठ्या अक्षरात छाप. आतल्या पानात नको, वर छाप. बाकी मजकूर कोणी वाचील, न वाचील.

छापून कधी येणार? लवकर येईल तर बरं.

मामा

•

उस्मानपुरा
३ ऑक्टोबर

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

काल लेणीवर तुमची फार आठवण झाली. आई कन्नडहून आली होती. गर्दीत तिनं दोनदा कुणालातरी "कडूबा" म्हणून हाक मारली.

पण तुमच्या पत्रानं मला किती आनंद झाला ते सांगू शकत नाही. तुम्ही विचार केलात, आणि स्वतःहून पट्ट्याचं सुचवलंत! मी मॅडमना म्हणाले, बघा, समजावून सांगितलं की आपली माणसं ऐकतात. त्या म्हणाल्या, पुस्तिकेत आभाराच्या जागी तुमचं नाव घालू या. "गंगापूर तालुक्यातील अनुभवी मोटार कारागीर श्री. कडूबा यांनी जुनी पद्धत सोडून नवी स्वीकारली," असं काहीतरी. छपाईला दोन आठवडे आहेत. मालनबाईंच्या गिरणीचा नव्या जोडणीसह एक फोटो मिळेल का? त्या स्वतः शेजारी उभ्या असतील तर फारच छान. एक बाई गिरणी चालवते आहे, हे इतर बायांनाही दिसेल.

कानाला दाखवून घ्या. इथं येत असाल तर मी रजा काढीन.

तुमची,
दीपमाला

•

९ ऑक्टोबर

दीपमाला,

माझं नाव नको. फोटो पण नको.

मालनबाईची उजव्या हाताची तीन बोटं गेली. ३ सप्टेंबर, बुधवार, सकाळचे दहा वाजले असतील. दळणाच्या बारीवर सात-आठ बाया बसल्या होत्या. मधला गेलेला होता. मोटार घूं घूं करत होती. तिनं बटण दाबलं, हिसका दिला, अन् मोटारीनं धरलं. हात पट्ट्याबरोबर पुलीत गेला.

संभाजीनगरला घाटी दवाखान्यात नेलं. नऊ दिवस ठेवलं. तुझं ऑफिस तिथून किती लांब? मी दोनदा आलो होतो, तुला कळवलं नाय. तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हा डॉक्टरनं तिला विचारलं, कसं झालं? ती म्हणली, "चूक माझीच, माझं ध्यान नव्हतं." मग माझ्याकडं बघून म्हणली, "भाऊंनी मला नीट शिकवलं होतं." मी मान हलवली. दीपे, मी मान हलवली.

आता बाकीचं सांगतो. तुझं १४ तारखेचं पत्र मी चार वेळा वाचलं. खरं होतं ते. वाचताक्षणी कळलं होतं, त्याचाच राग आला. मग तुझं दुसरं पत्र आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मालनबाईचा निरोप, फ्यूज गेला म्हणून. मी गेलो. पिशवीत तिन्हीला पुरंल एवढी सारखी तार होती. पाच मिनिटांचं काम. पण तू लिहिलं होतंस, सवडीनं बघा, घाई नाय. मला पाहिजे तेवढंच मी वाचलं. मधल्यात पुन्हा बारीकच बांधली. भाचीनं माघार घेतली म्हणून मनात बरं वाटत होतं.

आता तिचा दीर गोकुळ म्हणतो, गिरणी बाईमाणसाचं काम नाय, दिसलं ना सगळ्यांना. कुलूप लावून चावी घेऊन गेलाय. दिवाळीनंतर तो चालवणार. गाव पण तेच म्हणतंय. अन् ती बाई गप्प बसलीय, कारण तिला वाटतं चूक तिची.

मी सांगितलं तर माझ्याकडं मोटार घेऊन कोण येईल? हे लिहायला पण लाज वाटते. पण मनात येतं ते हेच.

मामा

•

उस्मानपुरा
१२ ऑक्टोबर

ती. मामा,

तुमचं पत्र काल मिळालं.

तुम्हाला बरं वाटावं असं काही लिहावं, असं आधी मनात आलं. पण मागच्या वेळी मी तेच केलं होतं. १४ तारखेला मी खरं लिहिलं, आणि २२ तारखेला तुम्ही दुखावलात म्हणून ते मागे घेतलं. मी ज्या ऑफिसात काम करते तिथं "घाई नाही" असं मी कुठल्याही कारखानदाराला लिहिलं नसतं. तुम्ही मामा होतात म्हणून लिहिलं. ते दोन शब्द माझे आहेत. मालनबाईंच्या हातात त्यांचा वाटा आहे. मी हे अमृता मॅडमना दोन्ही पत्रांसकट सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता काय करणार आहेस?"

तर आता हे. गिरणी कुणाच्या हातात राहावी हे फ्यूजवर ठरत नाही, पण अपघात कुणामुळे झाला हे ठरतं. ते कागदावर आलं पाहिजे. मात्र न पाहता मी सही करू शकत नाही. शनिवारी, १८ तारखेला, मॅडम आणि मी तपासायला येतो. बोर्डाला तोपर्यंत हात लावू नका. आम्ही पाहू, मोजू आणि मराठीत लिहून देऊ: गिरणी चालवणाऱ्या बाईंची चूक नाही, जोडणीची चूक आहे. जोडणी कुणी केली हेही त्यात येईल. मी तुमचं नाव वगळणार नाही.

पण आम्ही येण्याआधी तुम्ही मालनबाईंना सांगितलेलं असलं पाहिजे. स्वतः, समोर बसून. माझ्या कागदावरून त्यांना ते कळता कामा नये.

आणि अशी जोडणी केलेल्या सगळ्या जागांची यादी करा. आठवेल तेवढी. एकही सोडू नका.

मोटार घेऊन कोण येईल, हे मला माहीत नाही मामा. कदाचित कुणी येणार नाही. हे लिहिलेलं मी खोडणार नाही.

तुमची,
दीपमाला

•

२७ ऑक्टोबर

चि. दीपमालास जयभीम.

शनिवारी तू आलीस तेव्हा मालनबाई तुझ्याशी नीट बोलली नाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. गुरुवारी मी सांगून आलो होतो.

ती डाव्या हातानं ज्वारी निवडत होती. मी खाली बसलो अन् एका दमात सगळं सांगितलं. जाड तार, बारीक तार, तुझी दोन्ही पत्रं. तिनं निवडणं थांबवलं नाय. मग म्हणली, "भाऊ, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी म्हणलं, "पंधरा-सोळा ऑगस्टपासून."

"मग घाटीत माझ्या उशाशी बसून काय करत होता?"

मी म्हणलं, चुकलं, माफ करा. ती म्हणली, "ते नंतर बघू. आधी हे गोकुळरावासमोर म्हणा. मला एकटीला सांगून तुमचं मन हलकं झालं, माझी चावी आली नाय."

तुमच्या तपासणीपुरतं कुलूप उघडून गोकुळनं चावी परत खिशात घातली होती. तुम्ही गेल्यावर रविवारी पाराजवळ माणसं होती, तिथं मी तुमचा कागद वाचला. माझं नाव आलं, तेबी वाचलं. गोकुळ हसला. "वहिनीनं पढवून पाठवलं का काय कडूबाला?" मी म्हणलं, "नाय, पढवलं होतं मी वहिनीला. पट्ट्याला हात द्यायला मी शिकवलं. तू त्या गिरणीवर बसला असतास तर तुझी बोटं गेली असती."  एक म्हातारी तेवढी म्हणली, मग बाईला का बोल लावता रे? गोकुळनं चावी लगेच दिली नाय. चार दिवसांनी, भाऊबीज आटपून, घरी आणून उंबऱ्यावर ठेवली अन् गेला.

शुक्रवारी मी जोडणी केली. तुझा कागद समोर ठेवून केली, मनानं काही नाय. तिन्ही फ्यूज एका मापाचे. रिले पाटीवरच्या आकड्यावर. आधी मी तो शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला होता, ते तुला दिसलंच. प्रिव्हेंटर फ्यूजच्या पुढं. पट्ट्यावर जाळी बसवली, बोट जाणार नाय अशी. मालनबाई सगळा वेळ मागं उभी होती. हात पदराखाली.

झाल्यावर मी मधला फ्यूज मुद्दाम काढून हातात घेतला. म्हणलं, आता बटण दाबा. ती जागची हलली नाय. बाया दारात उभ्या होत्या. मी फ्यूज तिला दाखवला, म्हणलं, हा इथं आहे, माझ्या हातात. दाबा.

तिनं डाव्या हातानं दाबलं. आवाज नाय. घूं घूं नाय, काहीच नाय. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मोटार मेल्यासारखी गप्प. बाई बटणावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणली, "एवढंच होतं?"

मी म्हणलं, एवढंच.

"सकाळी आलात. अजून जेवणवेळ झाली नाय."

मी फ्यूज बसवला. तिनं बटण दाबलं, मोटार फिरली, दळण सुरू झालं. बायांनी डबे पुढं सरकवले. पहिला डबा तिनं डाव्या हातानं उचलला, निम्मं धान्य खाली सांडलं. कोणी मदतीला उठलं तर तिनं नको म्हणलं. माफीचं तिनं पुन्हा काढलं नाय. मी पण नाय.

यादी केली. एकेचाळीस जागा निघाल्या. पाच झाल्या. एका ठिकाणी मला दारातूनच हाकललं, म्हणले, तुझा हात आता आमच्या बोर्डाला नको. मी तुझी आकृती तिथं ठेवून आलो, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या म्हणलं. दुकानात मोटार आलेली नाय. तू लिहिलं होतंस तसंच झालं. खोडलं नाहीस ते बरं केलंस.

पुस्तकात माझं नाव आभारात घालू नको. चुकीच्या जोडणीची आकृती छापणार असशील तर तिच्याखाली घाल. मालनबाईचं नाव तिला विचारल्याशिवाय कुठंच नको.

उद्या सकाळी सहाव्या जागेवर जायचं आहे. तिथं सासू अन् सून आळीपाळीनं गिरणी चालवतात. दोघींना हिसका द्यायला मीच शिकवलंय. सून लई चपळ आहे. गाडी सातला आहे, पण मी पहाटेच पायी निघतो, त्यांनी गिरणी उघडायच्या आत पोचलं पाहिजे.

मामा